चर्चमधला उंदीर

प्लेग ओसरला म्हणून पुणतांब्याजवळच्या आमच्या वस्तीतले लोक तीन महिन्यांनी शेतातल्या झोपड्या सोडून घरी परतले. रविवारी चर्चमध्ये पहिली मिस्सा, म्हणजे फादरांची उपासना, होती. आदल्या दिवशी सगुणाबाई चर्च झाडायला गेली. तिची थोरली लेक प्लेगनेच गेली होती. वेदीमागे तिला नुकताच मेलेला उंदीर दिसला; प्लेग यायच्या आधी असेच उंदीर पडत.

तिने लाजरस मास्तरांना बोलावलं. फादर नसताना प्रार्थना तेच चालवत.

"रॉकेल टाकून जाळ अन् गप ऱ्हा," मास्तर म्हणाले. "लोक आत्ताच घरी आल्यात. पुन्ना रानात कुटं धाडायचं त्यांना?"

तिने उंदीर जाळला. पण रविवारी बायकापोरांनी चर्च गच्च भरलेलं पाहून तिला राहवेना. मिस्सा सुरू होताच ती उठली.

"फादर, हितं उंदीर पडलाय. काल म्या जाळला."

"खोटं बोलती ती!" मास्तर ओरडले. फादरांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि चिंचेखाली मिस्सा पुरी केली. त्याच दुपारी सगुणाबाईसह निम्मे लोक शेतातल्या झोपड्यांत परतले. मास्तरांच्या घरचे वस्तीतच राहिले.

गुरुवारी मास्तर दोन नातींना घेऊन सगुणाबाईच्या झोपडीपाशी आले आणि लांबच थांबले.

"सुनंला काखंत पिलेगाची गाठ आलीय, सगुणा. पोरींना तुज्याकडं ठिवून घे."

पोरींचे हात धरून ती त्यांना आत घेऊन गेली. धाकटीचा हात चांगलाच तापला होता.