माझ्यावरचं तिसरं नाव

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, तेव्हा हात वर करू नका. पेण आणि रोहा यांच्या मधल्या एका छोट्या स्टेशनात, मास्तरांच्या खोलीत, घड्याळाखाली मी लटकतो. स्टेशनचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर आधी चौकशी लागेल, मग चौकशीला उशीर का झाला याची चौकशी लागेल, आणि माणूस मात्र एकही येणार नाही.

माझा जन्म पेणचा. गणपतीचे पाट करणाऱ्या एका सुताराने उरलेल्या सागवानी फळ्या जोडून मला घडवलं. त्याच झाडाचे माझे भाऊ पाट झाले. दरवर्षी त्यांच्यावर बाप्पा बसतो. फुलं काय, दूर्वा काय, मोदक काय! माझ्या अंगाला काळा रंग फासला आणि डोक्यावर लिहिलं, ‘आजची ड्युटी’. तेव्हापासून नाकात खडूची भुकटी. मी तक्रार करत नाही. म्हणजे करतोच आहे, पण या गोष्टीबद्दल नाही.

माझं काम साधं. कोण दिवसपाळीला, कोण रात्रपाळीला, कोण रजेवर, हे दाखवायचं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अरे, गाडी काय आपल्या मनाने धावते? मास्तर पॅनेलवरची बटणं दाबतात तेव्हा सिग्नल मिळतो. काटेवाला फलाटाच्या टोकाला हिरवी झेंडी घेऊन उभा राहतो आणि शेवटचा डबा गाडीबरोबर गेला ना, मागे कुठे सुटून राहिला नाही ना, हे डोळ्यांनी बघतो. रूळ बदलणारा काटा अडला, तर भर पावसात तो हाताने फिरवायला काटेवालाच जातो. तुम्ही खिडकीतून त्याला टाटा करता. त्याने तुम्हाला टाटा केला नाही म्हणून रागावू नका. तो डबे बघत असतो.

आमच्या स्टेशनात काटेवाल्यांच्या जागा तीन. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, तीन माणसं, हिशेब सरळ. पण महिपती नावाचा काटेवाला बढतीवर लांब गेला आणि त्याच्या जागी कुणीच आलं नाही. उरले दोघे, कान्हू आणि सगुणाबाई. आठाचे बारा तास झाले. आठवड्याची सुट्टी हवी असेल तर पेणहून बदली माणूस यावा लागे. तो आला तर आला. माझ्यावर तिसऱ्या ओळीत खडूने लिहिलेलं असायचं, ‘रिक्त’. हा रिक्त कधी उशिरा आला नाही, कधी आजारी पडला नाही, आणि त्याने कधी झेंडीही धरली नाही.

सगुणाबाई खाडीकाठच्या मिठागराच्या गावातल्या. नवरा इथेच काटेवाला होता. तो आजाराने गेला, आणि त्याच्या जागी त्या नोकरीला लागल्या. सुरुवातीला लोक फलाटावर थांबून बघायचे, बाई झेंडी दाखवते म्हणून. मग थांबायचे बंद झाले. कामात त्यांच्या कुणी बोट ठेवलं नाही. मास्तर बटण दाबायच्या आधीच कुठलं दाबणार ते त्या ओठांत पुटपुटायच्या, आणि ते कधी चुकायचं नाही. पण बटण दाबायचा अधिकार नव्हता.

एक दिवस वरून परिपत्रक आलं. खात्यातल्या कर्मचाऱ्यांना परीक्षा देऊन मास्तर होता येईल. वयाची अट बेचाळीस. सगुणाबाईंना बेचाळीस पूर्ण व्हायला चारच महिने उरले होते. पुढची परीक्षा कधी निघेल हे देवाला ठाऊक, तेव्हा ही पहिली संधी आणि हीच शेवटची.

“मास्तर, फॉर्म भरू काय?” त्यांनी विचारलं.

“भर गो. विचारतेस काय?” सॅमसन मास्तर म्हणाले.

“लोक हसतील.”

“हसू देत. तुला मास्तर का व्हायचंय ते सांग.”

सगुणाबाईंनी जरा विचार केला. “पंधरा वरसं उभी हाय. आता मना बसायचं हाय.”

मास्तर इतके हसले की कंट्रोल ऑफिसचा फोन वाजलेला त्यांना ऐकू आला नाही.

हे सॅमसन अष्टमकर मास्तर रोह्याजवळच्या अष्टमीचे, यहुदी. भाऊबंद बहुतेक सगळे इस्रायलला गेले, हे राहिले. आमच्या स्टेशनात एक रीत होती. गणपतीत कोकणातल्या माणसाला रजा हवीच. तेव्हा सॅमसन मास्तर पाळीवर पाळी करायचे. आणि त्यांच्या दारफाळणीच्या उपासाला, ज्या दिवशी त्यांच्यात पाण्याचा थेंबही घेत नाहीत, त्यांचे जोडीदार मास्तर न सांगता कामावर यायचे. ही रीत कुठल्या नियमात नव्हती. माझ्यावर खडूने लिहिलेली असायची, तेवढीच.

सगुणाबाईंचा अभ्यास माझ्याच कोपऱ्यात, खडूने चालायचा. त्यांची मुलगी पूजा रविवारी डबा घेऊन यायची आणि आईला गणितं घालायची. शंभर मीटर लांबीची गाडी पुलावरून इतक्या वेगाने जाते, तर पूल ओलांडायला किती वेळ?

“ह्यो पूल कुठला? पुढच्या स्टेशनची परवानगी घेतली काय?”

“आई, गणित आहे ते. परवानगी नसते त्यात.”

“मंग गाडी सोडलीच कशी?”

माझ्या अंगावर आयुष्यात इतकं चांगलं काही लिहिलं गेलं नव्हतं. मी खरंच खूश होतो.

आता जे सांगतो ते सांगताना मला लाज वाटते आणि रागही येतो. परीक्षेच्या दोन वर्षं आधी स्टेशनच्या तपासणीला मोठे साहेब येणार होते. भिंतींना चुना, कुंड्यांना गेरू, आणि मला ताजा काळा रंग. सॅमसन मास्तरांनी ब्रश घेऊन काटेवाल्यांची नावं स्वतः पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवली. कान्हू. सगुणा. मग तिसऱ्या ओळीशी त्यांचा हात थांबला. “मोकळी ओळ पडक्या दातासारखी दिसते,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं, महिपती. साहेबांपुरतं, एका दिवसापुरतं. पण ऑइलपेंट ओल्या फडक्याने जात नाही. साहेबांनी माझ्यासमोर उभं राहून शाबासकी दिली आणि माझा फोटो काढला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझं झालेलं हे एकमेव कौतुक, आणि तेही खोट्यासाठी.

महिनाअखेर मास्तरांनी नेहमीप्रमाणे तक्ता पाठवला. मंजूर तीन, हजर दोन. वरच्या कार्यालयातल्या अमोल नावाच्या कारकुनाचा फोन आला. “मास्तर, फोटोत तीन आहेत, तक्त्यात दोन. मेळ बसत नाही. जुळवून टाका की.”

फोटो बदलता येत नव्हता. मास्तरांनी तक्ता बदलला. मंजूर तीन, हजर तीन. पुढच्या महिन्यातही तेच, त्याच्या पुढेही तेच. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. जिथे जागा भरलेलीच आहे तिथे भरतीत माणूस कशाला मागतील? मी भिंतीवरून ओरडत होतो, पण फळ्याचं ओरडणं ऐकतो कोण?

मग परीक्षेची तारीख आली. नेमकी गौरीपूजनाच्या दिवशी. तारीख ठरवणाऱ्याच्या घरी गौरी येत नसाव्यात. कान्हूची गणपतीची रजा होळीपासून मंजूर होती आणि पेणचा एकुलता एक बदली माणूस त्याच्या पाळीला लागला होता. सगुणाबाईंनी एका दिवसाची रजा मागितली. एक दिवस! उत्तर आलं: “आपल्या स्टेशनात तीन कर्मचारी हजर आहेत. स्थानिक पातळीवर व्यवस्था करावी. बदली माणूस मिळणार नाही.”

म्हणजे बघा. मास्तरांच्या जागा रिकाम्या, म्हणून परीक्षा. परीक्षेला जायला रजा हवी. रजा मिळत नाही, कारण काटेवाल्याची जागा रिकामी. आणि जागा रिकामी आहे हे मान्य नाही, कारण माझ्यावर महिपती लिहिलाय!

कान्हूला हे कळलं. तो रजेवर जाण्याच्या आदल्या दिवशी सगुणाबाईंसमोर घुटमळत उभा राहिला. “वयनी, मी येऊ काय त्या दिवशी?”

“नाय भावजी. तुमच्या घरचा गनपती हाय. पूजेला दुसरा कोन हाय तुमच्याकडं? मी नाय मागनार ते.”

आमच्याकडे गणपतीची रजा कुणी कुणाकडे मागत नाही. उपाशी माणसाकडे त्याचं ताट मागितल्यासारखं ते होतं. सगुणाबाईंनी माझ्या कोपऱ्यातली गणितं फडक्याने पुसली आणि त्या बाहेर जाऊन झेंडी घेऊन उभ्या राहिल्या. पुलावरची गाडी अर्धवटच राहिली.

सॅमसन मास्तर बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने होते. एवढी वर्षं गप्प बसलेल्या माणसाला अजून आठ महिने गप्प बसणं काय जड होतं? मी मनात म्हटलं, हे उठतील, चहा पितील आणि विसरतील. मी चुकलो. त्यांनी कपाटातून दाढीचं ब्लेड काढलं आणि माझ्यावरचं तिसरं नाव खरवडायला सुरुवात केली. दुखलं मला, लाकूडही थोडं निघालं. पण इतकं चांगलं दुखणं मी कधी अनुभवलं नव्हतं. मग तिथे खडूने ‘रिक्त’ लिहून त्यांनी फोन उचलला.

“अमोल, महिपती इथे नाही. तीन वर्षं नाही. नाव मीच रंगवलं होतं, तक्त्यावर सह्याही माझ्याच.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, “मास्तर, हे... लेखी देता?”

“देतो.”

दोन कागद एकाच दिवशी आले. कागदी घोडे मनात आणलं तर किती जोरात धावतात ते मी तेव्हा पाहिलं. एका कागदाने गौरीच्या दिवसापुरता रोह्याहून बदली माणूस दिला. दुसऱ्याने सॅमसन मास्तरांकडे खोट्या तक्त्यांचा खुलासा मागितला.

सगुणाबाई परीक्षेला गेल्या. मास्तरांची चौकशी त्यानंतर थोड्याच दिवसांत ठेवली, आणि दिवस कुठला? दारफाळणीचा. त्यांनी तारीख बदलून मागितली. हा सण सुट्ट्यांच्या यादीत दिसत नाही, असं उत्तर मिळालं. पांढरे कपडे घालून, पोटात पाणीही नाही, असे ते सकाळच्या गाडीने चौकशीला निघाले. सगुणाबाई झेंडी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते.

“माझ्यामुळं झालं, मास्तर.”

“तुझ्यामुळे नाही गो, माझ्या ब्रशमुळे. तू डबे बघ.”

त्यांच्या सेवापुस्तकात ताशेरे ओढले गेले. एवढ्या वर्षांत एकही गाडी चुकू न देणाऱ्या माणसाची नोकरी लाल शाईच्या शेऱ्याने संपली. निरोप समारंभात पेढे वाटले, शाल दिली, आणि जायच्या आधी त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यावरचं खडूने लिहिलेलं आपलं नाव पुसून तिथे ‘रिक्त’ लिहिलं. चूक त्यांची होती, हे मी लपवणार नाही. पण ‘जुळवून टाका’ म्हणणाऱ्याच्या सेवापुस्तकात काही लिहिलं गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि सगुणाबाई? पास झाल्या! पूजाने फोनवर निकाल वाचला तेव्हा त्या खोलीत मटकन खाली बसल्या, खुर्ची शेजारी असून जमिनीवर. पाठोपाठ आदेश आला. मास्तरपदासाठी निवड, प्रशिक्षणाला पाठवावे. पगार वाढणार, बारा तासांचं उभं राहणं संपणार. कान्हूने घरून नारळाच्या वड्या आणल्या. मग कुणीतरी आदेशाची शेवटची ओळ वाचली: “पर्यायी कर्मचारी हजर होताच कार्यमुक्त करावे.”

पर्यायी कर्मचारी! तोच तो, जो नाही! प्रशिक्षणाची एक तुकडी गेली, दुसरी गेली. भरतीची प्रक्रिया सुरू आहे, असं सांगतात. लाखो मुलं अर्ज करून घरी वाट बघत बसली आहेत म्हणे, आणि इथे आम्ही वाट बघतोय. या दोन वाट बघणाऱ्यांची गाठ पडायला मध्ये घोडं कुठे अडलंय, ते सागाच्या लाकडाला काही कळत नाही. मास्तरांची खुर्ची रिकामी आहे, ती भरणारी बाई पास होऊन दाराबाहेर उभी आहे, आणि आदेश माझ्याच चौकटीला टाचणीने लावलेला आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा तपासणी झाली. नवे साहेब आले. माझ्याकडे बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “हे काय, दोन-दोन ठिकाणी रिक्त? बरं दिसतं का? तात्पुरती काही नावं घालायची.”

सगुणाबाईंनी खडू उचलला आणि साहेबांसमोर धरला. “घालते की, साहेब. नाव सांगा. आनि आता रोह्याची गाडी येल, तिच्यासमोर झेंडी धरायला त्याला बाहेर पाठवा.”

साहेबांनी खडू घेतला नाही. बाहेर गाडीचा भोंगा वाजला, आणि सगुणाबाई झेंडी घेऊन निघून गेल्या. साहेब खिडकीतून बघत राहिले. शेवटचा डबा गेल्यावर त्यांनी माझा फोटो काढला, होता तसा.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं. मला रंग नको, हार नको, शाबासकी तर मुळीच नको. तुम्ही मोठे होऊन साहेब व्हाल, कारकून व्हाल, मास्तर व्हाल. जिथे माणूस नाही तिथे नाही असं लिहा. फळा बरा दिसावा म्हणून कुणाचं आयुष्य खोडू नका. आणि जो माणूस एकट्याने दोघांचं काम ओढतो आहे, त्याने एक दिवस मागितला तर त्याच्यापुढे नियम वाचू नका, आधी त्याचे पाय बघा.

परवा प्रशिक्षणाच्या तिसऱ्या तुकडीची यादी लागली. सगुणाबाईंनी त्यातलं आपलं नाव उभ्यानेच वाचलं आणि त्या कामाला लागल्या, कारण त्यांना अजून सोडलेलं नाही.