अर्ध्या दिवसाच्या बायका

दुपारचा भोंगा झाला की लाँड्रीतल्या बायका अंगावरचे निळे ॲप्रन काढून खुंटीला अडकवत, समोरची अरुंद गल्ली ओलांडत आणि पलीकडच्या लाँड्रीत जाऊन पांढरे ॲप्रन चढवत. त्याच वेळी पलीकडच्या बायका पांढरे उतरवून इकडे निळ्यात शिरत. गल्लीच्या मध्यावर दोन्ही रांगा एकमेकींना घासून जात. काम दोन्हीकडे तेच, हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. वाफही तीच.

"चला गं, माहेरपण संपलं!" घडीवाली रोज ओरडायची. चादरींच्या घड्या घालता घालता तिची जीभ हातांच्या पुढे धावायची, म्हणून सगळ्या तिला रेडिओ म्हणत. "सासर वाट बघतंय. तिथली सासू पंखासुद्धा लावू देत नाही."

"आणि इथली?"

"इथली लावू देते, पण वारा मोजून घेते!"

हसणाऱ्यांत सर्वांत मोठ्याने हसायची ती धाकटी. ती इस्त्रीच्या रोलरवर असे. तापलेल्या लांब रुळाखाली ओली चादर सरकवायची आणि पलीकडून कोरडी, कडक होऊन येताना कोपरे धरायचे, असं तिचं काम. आणि रेडिओ जिला सासू म्हणत होती ती इकडची मालकीणबाई म्हणजे धाकटीची सख्खी थोरली बहीण. आई लवकर गेली. धाकटीची वेणी घालण्यापासून तिचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं थोरलीनेच केलं होतं. जावई घड्याळं दुरुस्त करणारा, गरीब पण सरळ मिळाला, यातच तिला समाधान होतं.

ही गल्ली ओलांडण्याची रीत जुनी नव्हती. आठवड्यात ठरावीक तासांहून जास्त राबणाऱ्या प्रत्येकाचा आरोग्यविमा मालकाने उतरवलाच पाहिजे, असा कायदा झाला, त्यानंतरची ती. कायदा करणाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं. आजारपणात कुणी उघड्यावर पडू नये, एवढीच त्यांची इच्छा. पण लाँड्रीचा मालक छोटा माणूस. विम्याचा भार वाढला म्हणून हॉटेलवाले धुलाईचा दर वाढवून देईनात, उलट शहराबाहेरच्या मोठ्या कंपनीचं नाव काढून धाक घालू लागले. सांडपाण्याच्या नाल्यावरून भांडण झाल्यापासून समोरचा मालक आणि तो एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. त्या आठवड्यात ते दोघे एका बाकावर बसून चहा प्याले. देवाधर्माला जे जमलं नव्हतं ते विम्याने जमवलं. ठरलं असं, की आपल्या बायका अर्धा दिवस तुमच्याकडे, तुमच्या अर्धा दिवस आमच्याकडे. बाईचा दिवस पूर्ण भरेल, पण कोणत्याच दारात ती पूर्णवेळ असणार नाही.

बायकांची समजूत घालायचं काम थोरलीकडे आलं. तिने आधी बहिणीला बाजूला घेतलं.

"तू घरची. तू हो म्हणालीस की बाकीच्यांना जड जाणार नाही."

"ताई, तू सांगशील ते," धाकटी म्हणाली. काय सांगितलं हेही तिने नीट ऐकलं नव्हतं.

मग सगळ्यांना एक वाक्य शिकवण्यात आलं. कुणी साहेब चौकशीला आला तर म्हणायचं, "मी अर्धवेळ. सकाळपुरतीच येते." पुढे एक अक्षर नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याची तालीमही चाले. रेडिओ गळ्यात टॉवेलाचा टाय बांधून साहेब व्हायची, भुवया चढवून एकेकीला घेरायची. "बाई, खरं बोला, दुपारी कुठे असता?" कुणी फिस्सकन हसली की, "ही बुडवणार आपल्याला! नापास!" सुरुवातीला धाकटीच सारखी नापास व्हायची. पण भाऊजींचं दुकान, ताईचा संसार असं मनावर घेतल्यावर ती इतकी तयार झाली की पापणीही लवेना. रेडिओने हात टेकले. "ही तर यमालाही अर्धवेळ सांगून परत पाठवेल!"

हे कुणालाच वाईट वाटत नव्हतं. कामं टिकली होती, चुली पेटत होत्या. वाईट रीत घरात शिरते तेव्हा ती सोयीचा चेहरा घेऊनच शिरते.

मग एके सकाळी धाकटीने थोरलीला कपड्यांच्या गाठोड्यांमागे बोलावलं आणि तिचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. "बघ गं, इथे काहीतरी लागतंय."

थोरलीच्या बोटांना गाठ लागली. हरभऱ्याएवढी, टणक.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. "वेळेत आला आहात. लवकर शस्त्रक्रिया आणि पुढचे उपचार झाले, तर काळजीचं कारण नाही. पण लवकर म्हणजे लवकर." खर्च ऐकून धाकटीचा नवरा, तो घड्याळजी, खाली बघत राहिला. मोफतच्या इस्पितळात कित्येक महिन्यांची रांग होती.

थोरलीने नवऱ्याला घोटभर पाणीही पिऊ दिलं नाही. "अहो, तिला पूर्णवेळ करा. विमा होईल तिचा."

"एकीला दिला की सगळ्या मागतील."

"मागू देत. ती माझी बहीण आहे."

तो वाईट माणूस नव्हता. रोज हात जोडल्याशिवाय गल्ल्याला हात न लावणारा. दोन दिवस घुम्यासारखा वावरला आणि मग म्हणाला, "करतो. विमा कंपनीला आजारही कळवतो, नव्या कायद्याने त्यासाठी नाही म्हणता येत नाही त्यांना. पण एक लक्षात ठेव, काम पक्कं होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही. धाकटीलासुद्धा नाही. तिच्या पोटात राहिलं तरी रेडिओ ते बाहेर काढेल."

थोरलीला ते पटलं. बहिणीला फक्त एवढंच म्हणाली, "दुपारी तिकडे जाऊ नकोस काही दिवस. इथेच थांब, हलकं काम कर." आजारी म्हणून ताई जपते आहे, असंच धाकटीला वाटलं.

आणि त्यातच तो माणूस आला. मालक माल पोचवायला गेला होता, थोरली बँकेत. काम तुंबलं म्हणून रेडिओ आणि आणखी काही जणी त्या दुपारी इकडेच थांबल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, नीटनेटका तरुण वाफेतून वाट काढत रोलरपाशी आला आणि धाकटीचं नाव विचारून म्हणाला, "कंपनीकडून आलोय. थोडी चौकशी होती."

चौकशी म्हटल्यावर यंत्रांच्या घरघरीतही सगळ्यांचे कान टवकारले.

"तुम्ही इथे पूर्णवेळ काम करता ना?"

"नाही साहेब, मी अर्धवेळ. सकाळपुरतीच येते."

तो गोंधळला. "नक्की? आमच्याकडे तर पूर्णवेळ कळवलंय."

हा जाळं टाकतोय, धाकटीने ओळखलं. भाऊजींना पकडायला आलाय. ती आणखी ताठ झाली. "कुणी कळवलं असेल ते मला माहीत नाही. मी अर्धवेळच."

"पण आता तर दुपार आहे."

"आज चादरी जास्त आल्या म्हणून थांबले. विचारा हवं तर हिला."

रेडिओने मान डोलावली. "हो साहेब. अर्धीच आहे ही."

त्याने हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. त्याला कदाचित तिचा चेहरा बघून आणखी काही विचारायचं होतं. पण बाई तीनदा तेच सांगते म्हटल्यावर तो तरी काय करणार? तो गेला, तेव्हा बायकांनी धाकटीला घेरलं. "पास! पहिल्या नंबराने पास!" आजारपणात उतरलेल्या तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी लाली आली.

विमा नाकारल्याचं पत्र आलं, त्यात धाकटीचाच जबाब दिला होता. खोटी नोंद केल्याचा ठपकाही विमा कंपनीने मालकावर ठेवला होता.

"अहो, जाऊन खरं सांगा त्यांना," थोरली म्हणाली. "ती घाबरून बोलली म्हणावं."

"कशाला घाबरली, असं विचारतील. मग सांगू, आम्हीच पढवलं होतं? पुढचा प्रश्न येईल, बाकीच्या बायका दुपारी कुठे जातात? दोन्ही दुकानांना कुलूप लागेल."

"माझी बहीण मरेल हो."

"आणि आत आहेत त्या कुणाच्याच बहिणी नाहीत?" त्याचा आवाज फुटला. "मी जमेल तेवढं देतो. मोफतच्या इस्पितळात नंबर लावू. देव बघेल."

देवाने जे आपल्यावर सोपवलं ते आपण किती सहज त्याच्यावर परत ढकलतो! थोरली गप्प बसली. मनात म्हणाली, नंबर लागेल, औषधांनी थोडं ओसरेल, तोवर काहीतरी मार्ग निघेल. या गप्प बसण्याला ती संसार सांभाळणं म्हणत होती.

नंबर लागला तेव्हा गाठ काखेत उतरली होती. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि घड्याळजीला बाहेर बोलावलं.

शेवटच्या दिवसांत थोरली इस्पितळातून हलली नाही. बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन विरळ केसांतून हात फिरवत बसायची. एकदा धाकटीने डोळे उघडले. बोलताना तिला धाप लागत होती.

"ताई, तो साहेब परत नाही ना आला?"

"नाही गं."

"मी कसं सांभाळून घेतलं बघ. एकदासुद्धा अडखळले नाही. भाऊजींना सांगितलंस?"

थोरलीच्या ओठांवर खरं आलं होतं. अगं, तो तुझ्यासाठीच आला होता. पण मरणाऱ्या माणसाच्या हातातून शेवटचा आनंद काढून घेण्याचं बळ तिच्यात नव्हतं.

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, धाकटी फार हुशार आहे."

धाकटी समाधानाने हसली. त्यानंतर ती फारशी बोलली नाही, आणि दोन दिवसांनी गेली.

दुखवट्याचे दिवस सरले तशी थोरली नवऱ्याला न सांगता सरकारी कचेरीत गेली. तिथल्या अधिकारी बाईंसमोर बसून तिने सगळं सांगितलं. दोन्ही दुकानं, दुपारची गल्ली, शिकवलेलं वाक्य. कोणी शिकवलं तेही सांगितलं.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला याचा आता उपयोग नाही."

"माहीत आहे."

"दंड मोठा होईल. दुकान राहणार नाही. त्या बायकांची कामं जातील. तुमची तक्रार लिहून घेऊ?"

थोरलीने डोळे मिटले. तिने मनोमन देवाला विचारलं असेल, पण अशा वेळी तो माणसाच्या तोंडूनच बोलतो.

"लिहा," ती म्हणाली.

आधी समोरची लाँड्री बंद पडली, मग ही. हॉटेलांच्या चादरी शहराबाहेरच्या मोठ्या कंपनीत जाऊ लागल्या. तिथे यंत्रंच घड्या घालतात, आणि जी थोडी माणसं आहेत ती ठेकेदाराची, अर्ध्या दिवसाची. मालक दिवसभर खुर्चीत बसून राहतो. बायकोशी बोलत नाही. घड्याळजी दोघांच्याही दारात पाय ठेवत नाही. कायदा पुस्तकात जिथे होता तिथेच आहे.

यंत्रं उचलून नेली त्या दिवशी रेडिओ आपला विसरलेला चष्मा न्यायला आली. रिकाम्या शेडमध्ये थोरली एकटीच उभी होती. आता ही शिव्या घालणार, म्हणून तिने मान खाली घातली. घालाव्यातच, असंही तिला वाटत होतं.

"घरोघर भांडी घासते आता," रेडिओ म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "वहिनी, तुम्ही खरं बोललात, त्याचा राग नाही मला. रोज झोपताना मलाही तेच आठवतं. त्या साहेबाने माझ्याकडे बघितलं, आणि मी मान डोलावली."

"तुझा काय दोष? आम्हीच तर..."

"दोष वाटून घेऊन कमी होत नाही, वहिनी." तिने पदराने चष्मा पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही. "काम जायचंच होतं, तर ती होती तेव्हा जायला हवं होतं."

थोरली तिच्यामागून दारापर्यंत आली. रेडिओ थांबली नाही.