शेराचं कुंपण

"पुन्यांदा लावलास? सांगून कळत नाय तुला?" म्हणत बन्सीनं सारजाबाईच्या झिंज्या धरल्या आणि तिला बांधावरून खाली फरफटत नेलं.

दिराचा मार तिला नवा नव्हता. नवरा साप चावून, पान लागून गेला, तेव्हापासून चिकलठाण्याच्या शिवारातला तिचा बांध दर नांगरटीला हातभर आत सरकायचा. नांगर बन्सीचा आणि पंचही बन्सीचेच. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, पण हा काही जायला तयार नव्हता! म्हणून तिनं जुन्या बांधावर शेर लावला; तो बन्सीनं उपटला, तरी पाऊस उघडल्यावर पुन्हा लावला. शेराला पाणी लागत नाही, गुरं तोंड लावत नाहीत, आणि एकदा धरला की कुणाच्या बापाला हलत नाही. तान्ह्या पोरीसाठी एवढंच वावर होतं. ते गेलं की मायलेकी लोकांच्या दारात.

"भावजी, माझ्या पोरीचं हाय त्ये. म्या सोडनार नाय."

"पोरीला कशाला पायजे वावर?"

बन्सीनं तिच्या कमरेत लाथ घातली, तोंडात ठोसा हाणला, कुऱ्हाड उचलली आणि शेरावर तुटून पडला. पावसानं तट्ट फुगलेल्या कांड्या फुटत होत्या, पांढरा चीक उडत होता. शेर तोडताना तोंड फिरवावं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बन्सीला तेवढा दम कुठला?

हातातून कुऱ्हाड गळून पडली. "मेलो... डोळं..."

शेजारची मनकर्णाबाई धावत आली. चीक डोळ्यात गेला की अंगावरचं दूध घालायचं, हा तिकडचा जुना इलाज. दवाखाना शहरात, बैलगाडीची वाट. आणि वस्तीवर अंगावर पाजणारी बाई एकच होती. तिच्या ओठातून रक्त गळत होतं.

"होऊ दी आंधळा," मनकर्णाबाई म्हणाली. "देव हाय म्हनायचं."

सारजाबाईच्याही मनात तेच होतं. खोटं कशाला बोला. बन्सी मातीत तोंड घासत होता आणि ती नुसती बघत उभी होती. मग एक कचकचीत शिवी हासडून ती त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसली, पापण्या फाकल्या आणि दोन्ही डोळ्यांत धार सोडली.

तोडलेले तुकडे तिनं वाया जाऊ दिले नाहीत. ताजा तुकडा मातीत कुजतो, म्हणून चीक वाळेपर्यंत सावलीत ठेवले. बन्सीच्या कुऱ्हाडीनं एकेकाचे चार झाले होते. दिवाळीच्या तोंडावर ती पहार घेऊन पुन्हा बांधावर आली.

डोळ्यांना पट्टी बांधलेला बन्सी लिंबाखाली बसला होता. पहारेचा आवाज ऐकत राहिला.

"कुठवर आलीस?"

"जुन्या बांधावर हाय, भावजी. तुमच्याकडं बोटभर नाय."

हातभर सरकली असती तरी त्याला दिसणार नव्हतं. झोळीतली पोर रडायला लागली.

"पोर रडतीया," तो म्हणाला. "आधी तिला पाज."

सारजाबाईनं हातातली कांडी रोवली, टाचेनं माती दाबली. पोरीला मांडीवर घेतलं, पदर ओढला आणि त्याच्याकडं पाठ करून बसली.