ताणावर फुललेला नेक्टरीन

मित्रांनो, मी एक जुना वृक्ष आहे असं म्हणायला मला आवडलं असतं, पण माझं वय अवघं सात. टेंभुर्णीजवळच्या डाळिंबाच्या बागेतला मी एकुलता एक नेक्टरीन. पीचचा सख्खा भाऊ म्हणा ना! त्याच्या फळावर मऊ लव असते, माझं गुळगुळीत. आणि नवल ऐका: पीचच्याच एखाद्या फांदीला कधी अवचित बिनलवेचं फळ लागतं. आमचं कूळ असंच जन्माला आलं म्हणे. अजूनही आठवलं की अंगावर शहारा येतो.

या बागेचे मालक महिपती गुरुजी, निवृत्त शिक्षक. हिमाचलच्या सहलीहून त्यांनी मला ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं. रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं बादलीभर पाणी घालायचे. माया म्हणजे किती! पण फूल एक नाही. आमच्या जातीला थंडीत पानं गाळून झोपावं लागतं, तेव्हा कुठे बहर येतो. आणि इथली थंडी? चार दिवस चादर ओढली की संपली! मी आपला बारमाही हिरवागार आणि रिकामा. येणारेजाणारे हसायचे, "काय गुरुजी, सफरचंदं कधी खायला देताय?"

सहा वर्षं हे ऐकून गुरुजी विटले. गेल्या हिवाळ्यात म्हणाले, "संक्रांत झाली की हे काढू. नारळ लावू तिथं." मी मुळापर्यंत गार पडलो.

मग ते महिनाभर लेकीकडे गेले. मला पाणी घालायचं काम सिद्धम्माकडे आलं. ती अक्कलकोटकडची, तीस वर्षं डाळिंबातच राबलेली. तेव्हा बागेला ताण द्यायचे दिवस होते. ताण म्हणजे पाणी तोडायचं, झाडाला पानं गाळू द्यायची, मग पाणी सोडलं की फूल फुटतं. सिद्धम्मानं डाळिंबाबरोबर माझंही पाणी तोडलं! माझा घसा कोरडा पडला, पानं पिवळी होऊन गळाली. उरलेली तिनं हातानं ओरबाडली.

गुरुजी परतले आणि मला उघडाबोडका बघून मटकन खालीच बसले.

"अहो सिद्धम्मा, हे काय केलंत! हे काय डाळिंब आहे?"

"न्हाई की. पर झाड तर हाय! तुमी काढनारच व्हता, म्हनलं एकदा इचारून तरी बघावं."

"आणि मेलं तर?"

"मेलं तर माज्या हातानं मेलं," ती म्हणाली आणि पाटी उचलून खत आणायला निघाली.

त्याच दिवशी तिनं खत घातलं, पाणी सोडलं. आठ दिवस गेले, दहा गेले. संक्रांतही उलटली. गुरुजींनी कुऱ्हाडीला धार लावून आणली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या काळ्या फांद्यांवर गुलाबी टिपके उठले! चार दिवसांत मी नखशिखान्त फुललो. एक पान नाही, नुसती फुलं.

गुरुजींनी माझ्यासमोर येऊन चपला काढल्या. खरं सांगू? मीही थक्क झालो होतो. एवढं सगळं माझ्याच अंगात होतं, आणि मलाच ठाऊक नव्हतं!

एप्रिलअखेर नऊ फळं पिकली. तांबूस, पिवळसर, तुकतुकीत. पहिलं गुरुजींनी सिद्धम्माच्या हातावर ठेवलं.

"अय्यो, लई ग्वाड हाय की, गुरुजी!" रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला.

"मी सहा वर्षं नुसतं पाणी घातलं, सिद्धम्मा," गुरुजी डोळे पुसत म्हणाले. "विचारलंत तुम्ही."

मित्रांनो, मुक्या जिवावर माया जरूर करा. पण नुसते लाड म्हणजे काळजी नव्हे. त्याला काय हवंय ते समजून घ्या, आणि फळ दिलं नाही म्हणून लगेच कुऱ्हाडीला धार लावू नका.

त्या संध्याकाळी गुरुजी माझ्या बुंध्याला टेकून लेकीशी फोनवर बोलत होते. "श्रावणी, ऐकून ठेव. माझ्यामागं बागेत काय हवं ते लाव. पण ह्या झाडाला हात लावायचा नाही."