चिमाच्या आईची मोजणी

मी भात मापायची पायली. मित्रांनो, माझ्या घरातले काय हरवले ते सन १९३१ च्या मार्गशीर्षात एका सकाळी कळले. चिमाची आई खळ्यावर भात मापत होती. आमच्याकडे मापताना 'एक' म्हणत नाहीत. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. ती अकरापर्यंत आली आणि थांबली. मी तिच्या उजव्या हातातून गळून पडले.

तिचा नवरा केरू ओरडला, "अगो, भात सांडलंस की!"

तिने तोंड उघडले. ते वाकडे झाले होते. शब्द आला नाही.

मला देवरुखच्या एका सुताराने फणसाच्या ओंडक्यातून कोरले आणि कडेला लोखंडी पट्टी ठोकली. केरूच्या लग्नाच्या वर्षी मी या घरात आले. चौदा वर्षे चिमाच्या आईनेच मला हाताळले. शेजारची सोनूबाई म्हणायची, "हिचं माप म्हणजे उणं नाय नि अधिक नाय. मेली चिमूटभर जास्त घालायची नाय!" मला ती स्तुतीच वाटे.

देवरुखहून डॉक्टर आले. ते म्हणाले, "अर्धांगवायू आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचले नाही. बोलण्याचे काम बहुधा तिथेच चालते. उजवा हातही तीच बाजू चालवते." मग त्यांनी केरूकडे बोट केले. "बाई, हे कोण? नाव सांगा."

तिने केरूकडे पाहिले, मान खाली घातली आणि डाव्या हाताने पदर पुढे ओढला.

"ओळख राहिलेली दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. केरूनेही ते खरे मानले.

त्या दिवसापासून घरातली माणसे तिच्या देखत, पण तिला सोडून बोलू लागली. हिला भरवलं काय? हिला काय कळतंय? ती सगळे ऐकत होती. मी कोपऱ्यात उपडी पडून होते. माझ्यात मुंग्या झाल्या.

माघात कांडायला भात काढायचे होते. केरू मापायला बसला. "लाभ," तो म्हणाला, आणि त्याला खोकला आला. ती पडून होती त्या चटईवरून आवाज आला, "दोन."

केरूने वळून पाहिले. त्याने दुसरे माप ओतले.

"तीन."

ती बारापर्यंत गेली. केरूने घाईने विचारले, "पाणी देऊ काय?"

"तेरा," ती म्हणाली आणि रडू लागली.

केरूने हे सोनूबाईला सांगितले. "पण मला ती वळखीत नाय," तो म्हणाला.

"अरे मेल्या, कशावरून?"

"डॉक्टरनं नाव विचारलान. तिनं सांगितलान नाय."

"तिचा घोव ना तू? चौदा वर्सांत कवा तुझं नाव घेतलान हाय? परक्या माणसासमोर घेईल ती?"

केरूने हे जाऊन डॉक्टरांना सांगितले.  ते म्हणाले, "चूक माझी. वाचा गेली म्हणून समज जात नाही. वर्षानुवर्षे म्हटलेली मोजणी किंवा गाणे मेंदूची दुसरी बाजूही सांभाळते, असे दिसते. नवा शब्द जुळवणे अवघड असते. पण दुखावलेल्या भागाचे काम शेजारचा भाग हळूहळू शिकतो. रोज बोलत राहा."

तेव्हापासून दुपारच्या जेवणानंतर केरू मला घेऊन तिच्याजवळ बसू लागला. माझ्यात एक नारळ ठेवून तो म्हणे, "लाभ नारळ." मग दुसरा ठेवून थांबे. ती म्हणे, "दोन." पुढचा शब्द येत नसे. पाण्यालाही ती कित्येक दिवस 'दोन' म्हणत होती. एकदा चिडून केरूने मला भिंतीवर आपटले. माझी पट्टी वाकली. सोनूबाई दारातून ओरडली, "तिला आणू दे की शब्द! तू कशाला ओढतोस?"

पुढच्या वर्षीच्या भातझोडणीपर्यंत तिला चाळीस शब्द आले. एका सकाळी "चिमा" म्हणून तिने हाक मारली, तेव्हा पोर चुलीवरची भाकरी टाकून धावत आली.

मग खळ्यावर, चार माणसांसमोर, ती स्वच्छ म्हणाली, "केरू."

केरूचा चुलतभाऊ लवू हसला. "दादा, तुझी हजेरी लागली रे!" सगळे हसले. केरूचे कान तापले.

"अगो, जनाची तरी लाज धर!"

ती लाजली नाही. या एका शब्दासाठी तिने किती दुपारी ओठ हलवले होते ते मी पाहिले होते. तिने डावा हात आपल्या छातीवर ठेवला आणि ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिला त्याच्या तोंडून आपले नाव हवे आहे, हे केरूला कळले. आजवर तो तिला 'अगो' म्हणत आला होता, फार तर 'चिमाची आई'. माझ्याही कानावर दुसरे काही पडलेले नाही.

"मग कधीतरी," तो म्हणाला आणि माझ्यात भात भरू लागला.

वैशाखात तिला दुसरा झटका आला. चौथ्या दिवशी ती गेली.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाची वाचा गेली तर ते माणूस समोर नसल्यासारखे बोलू नका. त्याला एक शब्द विचारा आणि थांबा. थांबणे मापण्यापेक्षा अवघड आहे, पण ते करा. आणि त्याला तुमच्याकडून काही ऐकायचे असेल तर ते त्याच वेळी बोला.

केरूने तिच्याकडून चाळीस शब्द म्हणवून घेतले. तिचे नाव त्याने अजून घेतलेले नाही.