डिकीवरची थाप

गाडी मागे घ्यायची त्या घरात एक रीत होती. लेक स्टिअरिंगवर बसायची आणि बाबा मागे उभे राहून डिकीवर तळव्याने थाप द्यायचे. थाप चालू आहे तोवर येऊ दे, थांबली की ब्रेक. जन्मभर ट्रक चालवलेल्या बाबांनीच ही रीत घालून दिली होती. "ओरडायला माणसाला उशीर होतो," ते म्हणायचे, "हात थांबायला होत नाही."

त्या दुपारी थाप चालूच होती, अगदी ताल धरल्यासारखी. आणि तिच्यातच कडाड् आवाज झाला.

लेकीचा पाय ब्रेकवर गेला. थाप थांबली.

"बाबा?"

उत्तर नाही. आरशात भिंत होती, खांब होता, बाबा नव्हते. दार उघडायला गेली तर हाताला कडी सापडेना. आणि पिल्लू? तिची तीन वर्षांची पोर रोज आजोबांचं बोट धरून तिथेच उभी राहायची, इवल्या हाताने थाप द्यायची. देवा, देवा, एवढंच ओठांवर आलं. पिल्लू आज आत आजीच्या कुशीत झोपली आहे, हे आठवेपर्यंत ती दार ढकलून गाडीमागे पोचली होती.

बाबा बंपरमागे उकिडवे बसून जमीन चाचपत होते.

"ओ का दिली नाहीत? जीव गेला माझा!"

"गेला असता तर एवढी ओरडली असतीस का? खांबाला चाटून गेली जरा. रिफ्लेक्टर गेला बिचारा. तुकडे वेचतोय, पिल्लूच्या पायात जातील."

लालचुटूक तुकडे उन्हात चमकत होते. बाबांचा हात त्यातल्या सगळ्यात मोठ्या तुकड्याला वळसा घालून पुढे गेला. भांबावलेत, तिला वाटलं. तिने गाडी पुन्हा फाटकाबाहेर काढली.

"तुझी आई उठायच्या आत बदलून टाकू," बाबा कुजबुजले. "नाहीतर संध्याकाळपर्यंत माझी हजेरी घेईल. कोपऱ्यावरून घेऊन ये. लांबट, दोन स्क्रूंचा, लाल."

दुकानदार फोनवर कुणाशी तरी भांडत होता. तिचं अर्धवट ऐकून, बोलता बोलताच त्याने काउंटरखालून एक खोकं काढून तिच्यापुढे सरकवलं. आई उठायच्या आत पोचायचं होतं. खोकं न उघडताच ती परतली.

बाबांनी जमिनीवर पोतं अंथरलं आणि कुशीवर झाले. मोडक्या रिफ्लेक्टरचे स्क्रू काढले, भोकातली माती फुंकली, नवा ठेवून दोन्ही स्क्रू आवळले. हात कसा सरावाने चालत होता! शेवटी रुमालाने काच पुसली.

"बघ! लालभडक. जोडीला जोड. जुना कुठला आणि नवा कुठला, ओळखून दाखव."

तिने पाहिलं. डावीकडचा लाल होता. उजवीकडचा लिंबासारखा पिवळा.

तिला हसू आलं. पण बाबा थट्टा करत नव्हते.

"बाबा, कुठला रंग आहे हा?"

"लाल. लाल आणायला गेली होतीस ना?"

"मी गेले होते. तुम्हाला काय दिसतंय?"

बाबा स्क्रूड्रायव्हर बोटांत फिरवत राहिले.

"मधोमध धुकं असतं," ते हळूच म्हणाले. "कडेकडेनं दिसतं. तुझा चेहरा नाही दिसत, कान दिसतात. चांगले आहेत कान."

"कधीपासून?"

"पिल्लू बोलायला लागली त्या सुमाराला."

रोजच्या त्या सगळ्या दुपारी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. "बाबा, ती तुमच्या शेजारी उभी असते!"

"मी बोट धरलेलं असतं तिचं."

"आणि खांबाचं कुणी धरलं होतं?"

बाबांची मान खाली गेली. "खांब पाठ होता गं मला. आज तू जरा तिरकी आलीस." मग म्हणाले, "ही थाप गेली की मी उरलो कशाला? दारामागच्या छत्रीसारखा."

ती पोत्यावर त्यांच्या शेजारी बसली. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि आईला आजच सांगायचं. तुम्ही सांगायचं, मी बाजूला उभी राहते."

"डॉक्टर म्हणाले, आता काही होण्यासारखं नाही, तर?"

त्यांचा आवाज असा बारीक झालेला तिने कधी ऐकला नव्हता. तिलाही तीच भीती वाटत होती. तिने त्यांचा हात नुसता घट्ट धरला.

गाडी आत घ्यायची राहिली होती. उठताच बाबांचे पाय सवयीने मागे वळले.

"नाही," ती म्हणाली. "आत बसा."

ते तिच्या शेजारच्या सीटवर बसले. तिने उतरून गाडीमागे पाहिलं, खाली वाकून पाहिलं, घराचं दार बंद आहे ना तेही पाहिलं. मग इंचाइंचाने गाडी मागे घेऊ लागली.

शेजारी बारीक आवाज सुरू झाला. टप्, टप्. बाबांचा तळवा डॅशबोर्डवर पडत होता, त्यांच्याही नकळत. डोळे मिटलेले होते.

मधेच हात थबकला. भीतीने असेल.

तिने ब्रेक दाबला. आरशात खांब अजून हातभर लांब होता. तिने इंजिन बंद केलं आणि गाडी तिथेच राहू दिली.