कुमुदने पुरलेल्या ढलप्या

मुलांनो, डोळे मिटा आणि थळची एक वाडी डोळ्यांसमोर आणा. रेवसला मुंबईची आगबोट लागायची, त्या काळातली. पोफळींची सावली, विहिरीवर रहाट, आणि रहाटाजवळ एक मोगरा. तो कुमुदच्या आईने लावलेला. आई माघात गेली. चैत्रात विहीर आटू लागली तेव्हा भाऊ, म्हणजे कुमुदचे वडील, म्हणाले, "पाणी आधी पोफळींना. मोगरा जगला तर जगला."

माडांच्या आळ्यात ओल राहावी म्हणून भाऊ नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, पुरत, हे कुमुद दरवर्षी पाहायची. यंदाची सोडणं संपली होती. मग ती किनाऱ्यावर गेली. तिथे हरेश्वर सुतार नव्या मचव्यासाठी लाकूड तासत होता. भोवती ढलप्यांचा ढीग पडला होता.

"काय गो बाय, चुलीला नेतेस? नुसता धूर होईल. ओल्या हायत त्या."

"मला ओल्याच हव्यात."

"मग ने टोपलीभर. मचवा काय त्यावाचून बुडायचा न्हाय."

कुमुदने मोगऱ्याभोवती खणून सगळ्या ढलप्या मातीत पुरल्या. तांदूळ धुतलेलं पाणी ती रोज तिथे ओतायची. पण वैशाख लागला तशी पानं पिवळी पडू लागली. कुमुदला जेवण जाईना.

"पोट दुखतंय का गं?" गोदावरीआत्याने विचारलं.

"आत्या, आईचा मोगरा मी मारला."

आत्याने मोगऱ्याजवळ बसून माती थोडी उकरली.

"सोडण सावकाश कुजतं, म्हणून ते पुरतात. ही ताजी ढलपी. मातीत कुजताना ती झाडाच्या तोंडचा घास खाते. वर पसरली असतीस तर ऊन अडून ओल टिकली असती."

"आता गं?"

"मुळं अजून पांढरी आहेत, म्हणजे जिवंत आहेत. ढलप्या काढ, शेणखत घाल, आणि मग त्याच वर पसर. खोडाला मात्र चिकटवू नकोस. जगेलच, असं मी म्हणत नाही हो."

कुमुदने खुरपं उचललं.

"त्याने मुळं तुटतील," आत्या म्हणाली.

कुमुदने खुरपं बाजूला ठेवलं. गुडघे टेकून ती मोगऱ्यापाशी बसली आणि बोटांनी माती मोकळी करत एकेक ढलपी वेचू लागली.